एक किलो साखर चंद्रावर किती भरेल, ते काटा कुठला त्यावर आहे

मुंबईत बरोबर १ किलो भरलेली साखर चंद्रावर नेऊन मोजली तर किती भरेल? बहुतेक जण फटकन सांगतात, सहावा हिस्सा, म्हणजे १६५ ग्रॅमच्या आसपास. शाळेत तेच शिकवलंय आणि ते चूक नाहीये, पण उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारायला पाहिजे जो सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे मोजणार कशावर? जुन्या वाण्याच्या दुकानात दोन पारड्यांचा तराजू असायचा, तो उचलून चंद्रावर नेला, एका पारड्यात साखर आणि दुसऱ्यात लोखंडी १ किलोचं वजन टाकलं, तर दांडी सरळच राहणार. साखर तिथेही १ किलोच भरणार. आणि भंगारवाल्याकडे तो हूकवाला ताणकाटा असतो, तो नेलात तर त्याच साखरेला तो १६५ ग्रॅम दाखवेल.

दोन्ही काटे खरंच बोलतायत. फक्त दोघं मोजतायत वेगवेगळं.

तराजू तुलना करतो. चंद्र साखरेला खाली ओढतो तसाच शेजारच्या पारड्यातल्या लोखंडालाही ओढतो, ओढ कमी झाली तर दोन्हीकडची एकदमच कमी होते आणि दांडीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे तराजू जे सांगतो ते म्हणजे या पिशवीत माल किती आहे, त्यालाच पुस्तकात वस्तुमान म्हणतात. ताणकाट्याच्या पोटात मात्र एक स्प्रिंग असते आणि तिला तुलना करायला शेजारी कोणी नसतं, ती बिचारी जितकी खेचली जाते तितकी लांब होते, बस. तिला माल किती ते कळत नाही, ओढ किती तेवढंच कळतं, आणि ही ओढ म्हणजे वजन. आता ओढ हे बल आहे, बल न्यूटनमध्ये मोजतात, त्यामुळे खरं तर त्या काट्यावर न्यूटनचे आकडे पाहिजेत. मुंबईतल्या ६० किलोच्या माणसाचं वजन ५८७ न्यूटन आहे असं म्हणायला हवं. पण रद्दी ५० न्यूटन झाली असं कोण म्हणणार, म्हणून कंपनीने स्प्रिंगच्या पट्टीवर सरळ किलो छापून टाकले. म्हणजे काटा मोजतो ओढ आणि सांगतो माल, आणि मधला हिशोब पृथ्वीवरची ओढ सगळीकडे सारखीच आहे असं गृहीत धरून केलेला असतो. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

हिशोब एका ओळीचा आहे. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले जी. हा जी म्हणजे त्या ठिकाणी हातातून सोडलेली वस्तू दर सेकंदाला किती वेग कमावते तो आकडा, पृथ्वीवर साधारण ९.८, चंद्रावर १.६२, मंगळावर ३.७१. (मीटर प्रति सेकंद वर्ग असं त्याचं लांबलचक एकक आहे, पुढे मी नुसता आकडा लिहिणार.) वस्तुमान वस्तूचं स्वतःचं आणि जी त्या जागेचा. जागा बदलली की गुणाकार बदलतो, वस्तूत काही झालेलं नसतं.

वस्तुमान फक्त तराजूतच दिसतं असं नाही. सपाट रस्त्यावर गाडी बंद पडली आणि न्यूट्रलला टाकून ढकलायला उतरलात की पहिल्या झटक्याला जो दम लागतो तो आठवा. तुम्ही गाडी उचलत नाहीयात, तिचं वजन तर टायर आणि डांबर सांभाळतायत, तरीही ती हलायला तयार नसते. आणि एकदा चालू पडली की थांबायलाही तयार नसते. हा हट्ट म्हणजे वस्तुमान. चंद्रावर ती गाडी उचलायला सहापट सोपी होईल, पण तितक्याच वेळात तितकाच वेग द्यायचा तर जोर इथल्याइतकाच लावावा लागेल. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप येतं.

आता सगळे जण चंद्राचं उदाहरण देतात त्यामुळे असं वाटतं की हा फरक अंतराळवीरांच्या कामाचा आहे, आपला काय संबंध. पण जी पृथ्वीवरही सगळीकडे सारखा नाही. विषुववृत्तावर तो ९.७८० आहे आणि ध्रुवांवर ९.८३२, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. याला कारणं दोन. एक तर पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तावरचा माणूस सगळ्यात मोठ्या चकरीत फिरत असतो, त्यामुळे ओढीतला थोडा भाग त्याला त्या चकरीत धरून ठेवण्यातच खर्च होतो. दुसरं, याच फिरण्यामुळे पृथ्वी मधे फुगलेली आहे, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ध्रुवापेक्षा २१ किलोमीटर जास्त आहे, त्यामुळे तिथला माणूस केंद्रापासून जरा लांब पडतो. त्यात फिरण्याचा वाटा मोठा, फुगवट्याचा लहान.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते वजनकाट्यामुळे नाही, घड्याळामुळे. १६७२ मध्ये ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत केएन इथे गेला, विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंशांवर. पॅरिसमध्ये अचूक लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलं म्हणावं तर ते रोज तेवढंच मागे पडत होतं. शेवटी लंबक जेमतेम तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा वेळ जुळली. लंबकाची गंमत अशी की खालचा गोळा हलका असो की जड, झोका तेवढाच वेळ घेतो, त्यात वस्तुमान येतच नाही, फक्त दोरीची लांबी आणि जी. त्यामुळे घड्याळ मंदावलं याचा अर्थ एकच, तिथला जी कमी होता. न्यूटनने पुढे याच आकड्यांचा आधार घेऊन पृथ्वी मधे फुगीर असल्याचं मांडलं. एका मागे पडणाऱ्या घड्याळावरून पृथ्वीचा आकार काढायचा, मला हा प्रकार अजूनही भारी वाटतो.

आपल्याकडेही हे झालंय, फारसं कोणी सांगत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची ती प्रसिद्ध त्रिकोणमितीय मोजणी चालू होती तेव्हा कॅप्टन बसेवी नावाच्या अधिकाऱ्याने १८६५ पासून लंबक घेऊन भारतभर ठिकठिकाणी जी मोजला. लडाखमधल्या मोरे पठारावर, १५ हजार फुटांच्या वर, लंबक नेऊन त्याचे झोके मोजत बसणे हे काम काय असेल कल्पना करा. १८७१ मध्ये लडाखमध्येच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मोजणीतून दिसलं की एवढे प्रचंड डोंगर असूनही तिथे ओढ हिशोबापेक्षा कमी भरते, म्हणजे डोंगराखालचा खडक आजूबाजूपेक्षा हलका असला पाहिजे. हिमालयाला खाली खोल मुळं आहेत ही जी कल्पना आज भूगोलात शिकवतात तिला या मोजणीने बळ दिलं.

असो, बाजारात येऊ. मुंबईचा जी साधारण ९.७८६ आहे, लंडनचा ९.८१२. फरक पाव टक्क्याच्या जरा वर. मुंबईत ॲडजस्ट केलेला डिजिटल काटा तसाच उचलून लंडनला नेला आणि त्यावर १ किलो सोनं ठेवलं तर तो १००२.७ ग्रॅम दाखवेल. पावणेतीन ग्रॅम सोनं विमानात बसल्या बसल्या वाढलं. आजच्या भावाने किती झाले ते काढा. उलट लंडनचा काटा मुंबईत आणून त्यावर दागिना मोजला तर गिऱ्हाईकाचा फायदा आणि सराफाचं नुकसान. सोनं सगळीकडे तेवढंच आहे, एक अणू इकडचा तिकडे झालेला नाही, आणि जुना पितळी पारड्यांचा सराफी काटा असता तर त्याने दोन्हीकडे बरोबर १ किलोच सांगितलं असतं.

डिजिटल काट्यात स्प्रिंग दिसत नाही म्हणून तो काहीतरी वेगळं मोजतो असं वाटू देऊ नका. आत लोड सेल असतो, म्हणजे धातूचा एक ठोकळा, त्यावर अगदी पातळ तारांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, वर माल ठेवला की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. ही सुद्धा शेवटी स्प्रिंगच, नुसती जाड आणि आखडू. म्हणून हे काटे जिथे वापरायचे तिथेच प्रमाणित वजनं ठेवून कॅलिब्रेट करावे लागतात. काही कंपन्या काट्यात जागेचा कोड टाकायची सोय देतात, अक्षांश आणि उंचीप्रमाणे कोड निवडला की काटा जी सुधारून घेतो. प्रयोगशाळेतल्या महागड्या काट्यांच्या तर पोटातच एक छोटं प्रमाणित वजन असतं, बटण दाबलं की मोटर ते स्वतःच आतल्या आत ठेवते आणि काटा स्वतःला जुळवून घेतो. बघा म्हणजे, सगळी इलेक्ट्रॉनिक्स झाली तरी शेवटी विचारायला ते जुनं वजनच लागतं. आपल्याकडे वैधमापन खात्याचे निरीक्षक काट्यांची तपासणी करून शिक्का मारतात तेही हातात प्रमाणित वजनं घेऊनच.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण कोणीतरी नक्की विचारेल. तराजूही अगदी शंभर टक्के शुद्ध वस्तुमान सांगत नाही, कारण आपण हवेच्या तळाशी राहतो आणि हवा प्रत्येक वस्तूला किंचित वर उचलते, पाणी उचलतं तसंच, फक्त फार कमी. १ किलो साखरेचे दाणे साधारण पाऊण ग्रॅम हवा बाजूला सारतात, १ किलो लोखंड मात्र आकाराने लहान म्हणून फक्त ०.१५ ग्रॅम. म्हणजे दुकानात दांडी सरळ असते तेव्हा साखर प्रत्यक्षात अर्धा-पाऊण ग्रॅम जास्त असते. चंद्रावर हवाच नाही, तिथे साखरेचं पारडं केसभर खाली जाईल. कापूस जड की लोखंड या कोड्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, सारखंच हे उत्तर फक्त निर्वात जागेत खरं आहे.

आणि डोंगर? कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटरवर गेलात तर ६० किलोच्या माणसाचं वजन काट्यावर २०-३० ग्रॅमने कमी दिसेल. चढताना गाळलेला घाम त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे वजन कमी करायला उंच जागी राहायला जा असं जे अधूनमधून फॉरवर्ड येतं त्याकडे दुर्लक्ष करा.

घरच्या घरी करून बघायचं असेल तर लिफ्ट आहे. बाथरूममधला तबकडीवाला जुना काटा घ्या, डिजिटल नको, कारण डिजिटल काटा आकडा स्थिर झाल्याशिवाय दाखवतच नाही आणि आपल्याला अस्थिर आकडाच बघायचाय. लिफ्टमध्ये काट्यावर उभे राहा आणि वरचा मजला दाबा. निघताना क्षणभर काटा पुढे सरकेल, ६० चे ६३, चांगली जोरात निघणारी लिफ्ट असेल तर ६६ सुद्धा, मग मधे सगळा वेळ ६० आणि वर पोहोचताना थांबायच्या आधी ५७ किंवा त्याहून खाली. जोरात जाताना नाही, वेग बदलताना काटा हलतो हे नीट बघा. शेजारी आत आले तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. काटा नसेल तर फोन चालेल, त्यात ॲक्सेलरोमीटर म्हणजे त्वरण मोजणारा भाग असतो आणि तो दाखवणारी फुकटातली ॲप्स आहेत, टेबलावर ठेवलेला फोन ९.८ च्या आसपास दाखवतो आणि गादीवर वरून सोडलात तर हवेत असेपर्यंत जवळपास शून्य. गादीवर म्हणतोय.

हे पडताना शून्य दाखवणं समजलं की अंतराळ स्थानकाचा सगळ्यात मोठा गैरसमज सुटतो. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते तेव्हा टीव्हीवर दर पाच मिनिटांनी सांगत होते की तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. अहो असतं. स्थानक जमिनीपासून ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबई ते गोवा अंतरापेक्षाही कमी, फक्त वरच्या दिशेने. तिथे जी ८.७ आहे, इथल्या जवळपास ८९ टक्के. ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधून त्यावर काटा ठेवला तर ६० किलोचा माणूस त्यावर ५३ भरेल, चांगला ठणठणीत. मग ते लोक तरंगतात का, तर स्थानक, माणसं, पाण्याचे थेंब, सगळं एकत्र पडतंय. ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने आडवं जात असल्यामुळे ते पडतात तेवढीच खालची जमीन गोलाईने खाली वळते, त्यामुळे पडणं संपतच नाही. पायाखालचा काटाही सोबत पडतोय, त्याला दाबणार कोण?

पण डॉक्टरांना तर आकडा पाहिजे. अंतराळात हाडं आणि स्नायू झिजतात, खाणं कमी पडतंय का ते बघायचं असतं, त्यामुळे अंतराळवीराचं वस्तुमान वेळोवेळी मोजणं गरजेचं आहे आणि नेमका काटाच बंद पडलाय, तराजूसुद्धा, कारण दोन्ही पारड्यांवर काहीच ओढ नसेल तर दांडी कशीही ठेवा तशीच राहील. मग उरतो तो हट्ट. विल्यम थॉर्न्टन नावाच्या डॉक्टर अंतराळवीराने यासाठी एक खुर्ची बनवली आणि ती १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकावर वापरली गेली. खुर्ची स्प्रिंगवर बसवलेली, त्यात माणसाला घट्ट बांधायचं, खुर्ची जराशी खेचून सोडायची आणि ती मागेपुढे झुलायला किती वेळ घेते ते मोजायचं. वस्तुमान जास्त तर झोका सावकाश, कमी तर झटपट. चौपट वस्तुमानाला झोक्याला दुप्पट वेळ. यात जी कुठेच येत नाही, म्हणून हे यंत्र पृथ्वीवर, चंद्रावर, कुठेही तोच आकडा देईल. फक्त माणसाने अंग आखडून बसायला हवं, पोट आतल्या आत डुचमळलं की आकडा चुकतो. पुढे आंतरराष्ट्रीय स्थानकावर नासाने दुसरी पद्धत आणली, स्प्रिंगने माहीत असलेल्या जोराने माणसाला खेचायचं आणि तो किती त्वरणाने सरकतो ते बघायचं, जोर भागिले त्वरण, झालं वस्तुमान. न्यूटनचा दुसरा नियम, आपण नववीत पाठ केलेला.

स्थानकावर वस्तू बिनवजनाच्या असतात म्हणून निरुपद्रवी असतात असं समजलं तर बोटं चेंगरतील. शेकडो किलोंची कपाटं तिथे एका बोटाने हलतात, पण हलायला लागली की थांबवायला तितकाच जोर लागतो, आणि मधे हात सापडला तर तिथे वजन नाहीये हे हाताला कळत नाही. म्हणून अंतराळवीर सामान हलवतात ते मुद्दाम सावकाश. नवं यान स्थानकाला जोडतानाही शेवटचं अंतर सेकंदाला काही सेंटिमीटर अशा मुंगीच्या वेगाने कापतं, कारण समोर ४०० टनांहून जास्त वस्तुमानाचं स्थानक उभं असतं, त्याचं काट्यावरचं वजन शून्य असलं म्हणून काय झालं.

चंद्रावर मात्र दोन्ही गोष्टी आहेत, पूर्ण वस्तुमान आणि सहावा हिस्सा वजन, आणि आपलं शरीर या जोडीला अजिबात सरावलेलं नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चे चार्ली ड्यूक चंद्रावर उंच उडी मारून दाखवत होते. अंगात सूट आणि पाठीवर प्राणवायू-थंडाव्याची पेटी, सगळं मिळून पृथ्वीवर ९० किलोच्या आसपास, म्हणजे माणूस धरून दीडशे किलोच्या वर वस्तुमान, आणि पायांना जाणवणारा भार मात्र २५-२७ किलोचा. उडी सहज गेली. पण त्या पाठीवरच्या पेटीने वर जाताना त्यांना मागे झुकवलं, अधांतरी सावरायला काही आधार नाही, आणि ते सरळ पाठीवर पडले, ज्या पेटीवर जीव अवलंबून त्याच पेटीवर. पेटी टिकली म्हणून ठीक.

चालताना वळण्याचा आणि थांबण्याचा त्रास तर प्रत्येकालाच. बूट जमिनीला किती घट्ट पकडतो हे वजनावर ठरतं, ते सहापट कमी. थांबवायचं काय आहे, तर वस्तुमान, ते पूर्ण. त्यामुळे पळत येऊन थांबायला किंवा तिथल्या गाडीला ब्रेक लावायला तेवढ्याच वेगात सहापट अंतर लागतं. चंद्रावर उड्या मारत फिरायला मजा येईल म्हणणाऱ्यांनी ही बाजू विचारात घेतलेली नसते.

आपलं विक्रम यान तर याचं चालतं उदाहरण आहे. चंद्रयान ३ चं लँडर प्रग्यान रोव्हर धरून साधारण १७५० किलोचं होतं आणि त्याला खालच्या बाजूला प्रत्येकी ८०० न्यूटनची चार इंजिनं, म्हणजे सगळी मिळून ३२०० न्यूटन. आता हे १७५० किलो पृथ्वीवर तोलून धरायला १७ हजार न्यूटनच्या वर लागतील. म्हणजे विक्रम बंगळुरूत ठेवून चारही इंजिनं फुल्ल सोडली असती तरी ते जागचं उठलं नसतं. चंद्रावर तेवढ्याच मालाचं वजन २८४० न्यूटनच्या आत, आणि उतरेपर्यंत बरंचसं इंधन जळून ते आणखी घटलेलं. म्हणून चार छोट्या इंजिनांवर काम भागलं. उतरल्यावर ३ सप्टेंबर २०२३ ला इसरोने इंजिनं पुन्हा चालू करून विक्रमला ४० सेंटिमीटर वर उचललं आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला ठेवलं, टीव्हीवर त्याला उडी म्हणाले. पृथ्वीवर ती उडी त्या इंजिनांना झेपली नसती.

पण याच यानाचा दुसरा हिशोब बघा, जिथे चंद्राच्या कमी ओढीचा फारसा फायदा मिळत नाही. २३ ऑगस्टला उतरायला सुरुवात केली तेव्हा विक्रम ३० किलोमीटर उंचीवर सेकंदाला १.६८ किलोमीटर वेगाने आडवं धावत होतं. आडवा वेग मारायचा तर सामना वस्तुमानाशी आहे, वजनाशी नाही. ३२०० न्यूटन भागिले १७०० किलो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.९ मीटर वेग कमी होणार. म्हणून पहिला टप्पा तब्बल ६९० सेकंद चालला, साडेअकरा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात वेग १.६८ किलोमीटरवरून ३५८ मीटरवर आला. भागाकार करून बघा, बरोबर १.९ च्या आसपासच येतो. (इंधन जळून यान हलकं होत जातं आणि इंजिनांचा थोडा जोर खाली पडू न देण्यातही जातो, दोन्ही एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात, म्हणून आपला ढोबळ हिशोब जुळतो.) त्या संध्याकाळी सगळा देश स्क्रीनवर जो आकडा हळूहळू उतरताना बघत होता ना, तो हट्ट उतरवण्याचा वेळ होता.

आता एक शंका राहते आणि ती खरी खोल आहे. तराजू जे वस्तुमान सांगतो ते ओढीवरून काढलेलं, आणि झुलणारी खुर्ची जे सांगते ते हट्टावरून. हे दोन आकडे सारखे का यावेत? ग्रहाने एखाद्या वस्तूला किती ओढावं आणि ती वस्तू हलायला किती नाखूष असावी यांचा वरवर काहीच संबंध दिसत नाही. पण ते सारखे येतात आणि म्हणूनच सगळ्या वस्तू एकाच वेगाने पडतात, कारण जितकी ओढ जास्त तितकाच हट्टही जास्त. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच खाली पोहोचले. त्याचा व्हिडिओ आहे, जरूर बघा. फ्रान्सच्या मायक्रोस्कोप नावाच्या उपग्रहाने हीच तुलना टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंवर केली, २०२२ मध्ये अंतिम निकाल आला, एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांतल्या काही भागांपर्यंत बारकाईने बघूनही फरक सापडला नाही. आइनस्टाइनने हा योगायोग मानायला नकार दिला, १९०७ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही, आणि तिथून आठ वर्षांनी सामान्य सापेक्षता, म्हणजे त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, उभी राहिली. लिफ्टमधल्या काट्याने जे दाखवलं त्याच धाग्याचं ते टोक आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

शेवटचा काटा जगातला सगळ्यात अवघड. १८८९ पासून किलो म्हणजे काय याचं उत्तर पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दांडगोल होता, त्याची ५७ क्रमांकाची प्रत आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. सगळ्या तुलना तराजूवर, त्यामुळे जी ची कटकटच नव्हती. २० मे २०१९ पासून तो दांडगोल निवृत्त झाला, किलो आता प्लांक स्थिरांक या निसर्गातल्या कधीच न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो, आणि तो प्रत्यक्षात उतरवायला किबल बॅलन्स नावाचं यंत्र वापरतात. त्यात वस्तूच्या ओढीला चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्याच्या बलाने तोलतात, वीज अतिशय अचूक मोजता येते म्हणून. पण ओढ तोलली म्हणजे ताणकाट्याचंच दुखणं परत आलं, ओढीवरून वस्तुमान काढायचं तर त्या खोलीतला, त्या टेबलाच्या उंचीवरचा जी माहीत पाहिजे. म्हणून शेजारी आणखी एक यंत्र बसवतात, त्यात निर्वात नळीत एक आरसा खाली सोडतात आणि लेझरने तो कसा पडतो ते मोजत जी काढतात. एवढंही पुरत नाही, कारण चंद्र आणि सूर्य समुद्राला भरती आणतात तसेच त्या खोलीतल्या जी ला पण हलवतात, दिवसभरात साधारण कोटीत दोन-तीन भाग इतकं. ६० किलोच्या माणसाला तो फरक जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी. किबल बॅलन्सच्या चुकीची मर्यादा मात्र त्याच्या दहाव्या भागाहून लहान आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना किलो मोजताना त्या वेळी चंद्र कुठे आहे याची वजावट करूनच आकडा लिहावा लागतो.